गहाण सुटावे, घर राहावे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका म्हटली की तिच्यात पहिल्या गणेशोत्सवाची हकीकत असावी, बसविलेल्या नाटकांची यादी असावी, कार्यकर्त्यांची छायाचित्रे असावीत, अशी वाचकांची अपेक्षा असते. ती रास्तही आहे. परंतु परमुलखात पन्नास वर्षे नांदलेल्या समाजाचा इतिहास केवळ उत्सवांचा नसतो. तो घरांचा असतो. आणि घराचा इतिहास लिहावयास बसले की कर्जाचा उल्लेख टाळता येत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी बराकपूरच्या परिसरात जे छप्पर उभारले, ते कुणाच्या तरी पैशावर उभारले. कुणी कचेरीच्या पतपेढीतून, कुणी बँकेतून, तर कुणी आप्तस्वकीयांकडून रक्कम उचलली. म्हणून या लेखासाठी आम्ही एक रूक्ष वाटणारा विषय निवडला आहे. गहाण पडलेले घर न विकता ते गहाण कसे सोडवावे, आणि आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न कसा सोडविला?

विषय सुचण्यास एक निमित्त घडले. काही वर्षांमागे गणेशोत्सवाच्या आरतीनंतर मंडळातील एक वयोवृद्ध काकू आमच्याजवळ आल्या आणि पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून म्हणाल्या, "अहो, हे जरा वाचून सांगा. माझ्या डोळ्यांदेखत याचा निकाल लागायला हवा. मुलांच्या गळ्यात हे लोढणे नको." कागद १९६४ चा होता. त्यांच्या यजमानांनी बराकपुरात बारा हजार रुपयांस लहानसे बैठे घर घेतले, तेव्हा दक्षिण कलकत्त्यात राहणाऱ्या एका मराठी स्नेह्याने चार हजार रुपये दिले होते. अट अशी की व्याज घ्यावयाचे नाही. मात्र घर विकले जाईल तेव्हा, किंवा पतिपत्नी उभयतांच्या पश्चात, मुद्दल परत द्यावे आणि घराची जी किंमत वाढली असेल तिचा एक तृतीयांश हिस्सा धनकोस किंवा त्याच्या वारसांस द्यावा. खरेदीखत धनकोच्या स्वाधीन केलेले होते. यजमान निवर्तले, स्नेहीही निवर्तले. वारस सज्जन, त्यांनी कधी तगादा लावला नाही. पण काकूंच्या मनाला तो कागद टोचत होता. "घर विकल्याशिवाय किंमत कशी कळणार, आणि किंमत कळल्याशिवाय हिस्सा कसा देणार?" असा त्यांचा सवाल होता. कुणी नातलगाने सल्ला दिला होता की घर विकून मोकळे व्हावे. त्या सल्ल्याने त्यांची झोप उडाली होती.

त्या कागदाचा निकाल कसा लागला ते शेवटी सांगू. तत्पूर्वी थोडा इतिहास पाहिला पाहिजे, कारण काकूंचा सवाल नवा नाही. तो आपल्या दोन्ही मुलखांत, महाराष्ट्रात आणि बंगालात, पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे.

आधि आणि दामदुप्पट

आपल्या धर्मशास्त्रात गहाणास 'आधि' म्हणतात. याज्ञवल्क्याने आणि त्यावर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने आधीचे दोन मुख्य प्रकार मानले आहेत. जी वस्तू धनकोने केवळ सांभाळावयाची, तो गोप्य आधि. जिचा उपभोग धनकोने घ्यावयाचा, उदाहरणार्थ शेत किंवा बाग, तो भोग्य आधि. गोप्य आधि कर्ज दुप्पट होईपर्यंत न सोडविल्यास बुडू शकतो. परंतु ज्याचे फळ धनको खात आहे असा भोग्य आधि कधीही बुडत नाही, मूळ धन्याने रक्कम दिली की तो परत करावाच लागतो, असे शास्त्राचे म्हणणे. जमीन आणि घर यांकडे पाहण्याची आपली दृष्टी या एका नियमात सामावलेली आहे. गहाण म्हणजे विक्री नव्हे. वस्तू दुसऱ्याच्या हाती असली तरी धनी बदलत नाही.

दुसरा नियम दामदुप्पटीचा. एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये, असा हा नियम आहे. शंभर रुपये दिले असतील तर कितीही वर्षे लोटली तरी एका वेळी दोनशेहून अधिक मागता येत नाहीत. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मान्य केला. बंगालात मात्र एक मौजेचा भेद पडला. कलकत्ता शहराच्या हद्दीत दामदुप्पट चाले, शहराबाहेरच्या बंगालात चालत नसे. म्हणजे हुगळीच्या काठाने कलकत्त्याहून उत्तरेस निघालेला ऋणको शहराची हद्द ओलांडून बराकपुरास येईपर्यंत या संरक्षणास मुकत असे! ज्या गावात १७७२ साली इंग्रजांनी छावणी वसविली, जेथे गव्हर्नर जनरलांनी उन्हाळ्यासाठी वाडा आणि बाग उभारली, त्या गावच्या कर्जदाराला कोकणातल्या किंवा देशावरच्या कर्जदाराएवढाही आधार नव्हता.

सुप्याचा बाजार

महाराष्ट्रात तरी हा आधार कितपत पुरला? १८१८ नंतर देशावर रयतवारी आली, धारा रोख भरावा लागू लागला, आणि दिवाणी न्यायालये सावकाराच्या रोख्यावर हुकूमनामे देऊ लागली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने आपल्या कापसाला अपूर्व भाव आला. जमिनीची पत वाढली, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळला. त्याच सुमारास फेरपाहणीत धारा वाढला. ज्या जमिनीच्या वाढलेल्या किमतीवर कर्ज मिळाले होते, तीच जमीन आता कर्जापोटी जाऊ लागली. जुना रोखा फेडण्यासाठी नवा रोखा, त्यात व्याज मुद्दलात मिळविलेले. पुन्हा तीन वर्षांनी तेच. दामदुप्पटीचा नियम रोखा बदलून सहज चुकविता येत असे, कारण प्रत्येक नव्या रोख्यात कालचे व्याज आजचे मुद्दल होऊन बसे.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे घर पाडावयास घेतले. वाचकांनी हा तपशील ध्यानात घ्यावा. गावकऱ्यांचा संताप व्याजाच्या दराने पेटला नाही, तो घर पाडले गेल्याने पेटला. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की जमावाला हवे होते ते रोखे, खते आणि हुकूमनामे. ते हाती आले की त्यांची होळी करावी आणि परत फिरावे. कागद निमूटपणे दिले तेथे सहसा मारहाण झाली नाही. लूट हे मुख्य साध्य नव्हतेच. जो कागद वाचता येत नाही आणि ज्याचा हिशेब कुणी समजावून देत नाही, त्या कागदाविरुद्ध तो उठाव होता.

योगायोग पाहा. त्याच १८७५ साली येथे बराकपुरात, टिटागडला लागून तालपुकुरच्या बाजूस, राणी रासमणींच्या कन्या जगदंबा यांनी अन्नपूर्णेचे मंदिर बांधून प्रतिष्ठा केली. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे आजही त्या मंदिरात जातात. एका मुलखात अन्नपूर्णेची स्थापना होत होती, तेव्हा दुसऱ्या मुलखात अन्न पिकविणारा आपल्या कर्जाचे कागद जाळीत होता.

१८७९ चा कायदा

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला; त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला आणि १८७९ चा सतरावा कायदा, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा, मंजूर झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. घर अथवा जमीन न विकता गहाण कसे सोडवावे याचा आधुनिक हिंदुस्थानातील पहिला पद्धतशीर पाठ या कायद्यात सापडतो, असे आमचे मत आहे.

त्याची रीत अशी होती. न्यायाधीशाने शेवटच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे. मूळ रक्कम किती दिली, केव्हा दिली, याचा शोध घ्यावा. मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत. व्याजावर व्याज धरू नये. सावकाराने जमिनीचे उत्पन्न खाल्ले असेल तर ते जमेस धरावे. दामदुप्पटीची मर्यादा पाळावी. कर्जदाराने आपण होऊन हिशेब मागण्यासाठी दावा आणला तर तो ऐकावा. आणि जी रक्कम शेवटी निघेल ती हप्त्यांनी फेडण्याची मुभा द्यावी. कर्जापायी अटक करण्याची पद्धतही या शेतकऱ्यांपुरती बंद झाली. तडजोडीसाठी सलोखेदार नेमण्याची तरतूदही होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केले.

कायदा निर्दोष होता असे नाही. सावकारांनी लवकरच पळवाट शोधली. गहाणखत केले तर हिशेब द्यावा लागतो. मग गहाणखत कशाला? सरळ खरेदीखतच लिहून घ्यावे आणि पैसे दिल्यास जमीन परत देऊ, असे तोंडी वचन द्यावे. गरजवंताला अक्कल नसते, तो सही करी. म्हणून १९०७ मध्ये कायद्यात एक कलम वाढविण्यात आले. कागदावर विक्री दिसत असली तरी ती वस्तुतः गहाण होती असे तोंडी पुराव्यानेही दाखविण्याची मुभा शेतकऱ्यास मिळाली. कागदापेक्षा व्यवहाराचा आत्मा मोठा मानला गेला.

गहाण-लहाण आणि कट-कबाला

मुदतीत पैसे न दिल्यास गहाणाची विक्री झाली असे समजावे, अशा कराराला मराठी मुलखात 'गहाण-लहाण' म्हणत. असली मुदत टळून गेली तरी ऋणकोस पैसे भरून मिळकत सोडविण्याचा हक्क राहतो, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये रामजी विरुद्ध चिंतो या दाव्यात दिला. जे एकदा गहाण ते सदैव गहाण, हे तत्त्व त्यामागे होते. प्रिव्ही कौन्सिलने पुढे ते मत सर्वत्र स्वीकारले नाही. तथापि विचाराची दिशा ठरून गेली.

बंगालात याच व्यवहाराला 'कट-कबाला' असे नाव. तेथे कंपनी सरकारने याहूनही आधी हात घातला होता. १७९८ च्या पहिल्या रेग्युलेशनाने असे ठरविले की मुदतीच्या आत ऋणकोने रक्कम न्यायालयात भरली तर ती धनकोस दिल्यासारखी मानावी. धनको मुद्दाम घरी न सापडणे, रक्कम स्वीकारण्यास टाळाटाळ करणे आणि मुदत टळताच मिळकत गिळणे, या युक्तीवर तो उपाय होता. १८०६ च्या सतराव्या रेग्युलेशनाने आणखी पुढे जाऊन, मुदत टळल्यावर धनकोने न्यायालयामार्फत नोटीस द्यावी आणि त्यानंतर ऋणकोस एक वर्षाची सवलत मिळावी, अशी व्यवस्था केली.

या दोन्ही प्रवाहांचा संगम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात झाला. तो बंगालात त्याच वर्षी १ जुलैपासून, तर मुंबई इलाख्यात १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या साठाव्या कलमाने गहाण सोडविण्याचा हक्क दिला आहे, आणि त्या हक्काच्या आड येणारी अट न्यायालये मानीत नाहीत. त्र्याऐंशीव्या कलमाने रक्कम न्यायालयात भरण्याची सोय चालू ठेवली. चौऱ्याऐंशीव्या कलमाप्रमाणे रक्कम रीतसर देऊ केल्यावर किंवा भरल्यावर व्याज थांबते. १९२९ च्या दुरुस्तीने मात्र एक दक्षता घ्यावयास लावली. परत देण्याची अट विक्रीच्याच दस्तऐवजात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार मुदतखरेदीचे गहाण मानता येत नाही. तोंडी वचनावर विसंबणाऱ्यास कायदा तारीत नाही.

दामदुप्पटीचे काय? शहरात अडलेला तो नियम बराकपुरास पोचावयास विसावे शतक उजाडावे लागले. १९३६ मध्ये बंगालात शेतकरी ऋणकोंसाठी कर्जतडजोड मंडळे स्थापण्याचा कायदा झाला. १९३८ च्या कूळकायद्याच्या दुरुस्तीने रयतेच्या जमिनीचे भोगगहाण पंधरा वर्षांनी आपोआप फिटले असे मानावयाचे ठरले. आणि फजलुल हक यांच्या कारकीर्दीतील १९४० च्या बंगाल सावकारी कायद्याने, पूर्वी दिलेल्या रकमा धरून एकंदर देणे मूळ कर्जाच्या दुपटीहून अधिक असू नये, असे ठरविले. हे आपल्या दामदुप्पटीपेक्षाही कडक होते. कारण दामदुप्पटीत पूर्वी भरलेले व्याज मोजले जात नाही, येथे ते मोजावयाचे होते. पुढे १९७३ मध्ये पश्चिम बंगालने असा कायदा केला की अडचणीपायी ज्या लहान शेतकऱ्याने जमीन विकली असेल, त्याला ती किंमत हप्त्यांनी फेडून परत मिळविता यावी.

या दोन मुलखांना जोडणारे एक नाव येथे घेतलेच पाहिजे. सखाराम गणेश देउस्कर हे मराठी घराण्यातील; जन्म देवघरजवळचा, लेखणी बंगालीची. १९०४ मध्ये त्यांनी 'देशेर कथा' लिहून शेतकरी आणि कारागीर कसे नागविले जात आहेत हे बंगाली वाचकांस सांगितले. १९१० मध्ये सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. दादाभाई आणि रानडे यांचा अर्थविचार हुगळीच्या काठी पोचविण्यात या मराठी माणसाचा वाटा मोठा. आपल्या समोरच्या तीरावरील श्रीरामपुरास विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश छापला होता. या नदीवरून शब्द दोन्ही बाजूंनी गेले आहेत.

वाढीत वाटा

आता काकूंच्या कागदाकडे वळू. त्यात व्याज नव्हते, भोग नव्हता, मुदतखरेदीही नव्हती. होता तो वाढीत वाटा. असा व्यवहार केवळ दोन स्नेह्यांच्या कल्पनेतून निघाला असे कुणास वाटेल. परंतु १९९६ ते १९९८ या काळात ब्रिटनमध्ये बँक ऑफ स्कॉटलंड आणि बार्कलेज या बँकांनी याच धर्तीची कर्जे हजारो गृहस्थांस दिली. त्यांतील बिनव्याजी प्रकारात घराच्या किमतीच्या पाव भागापर्यंत रक्कम मिळे. मात्र फेडीच्या वेळी मुद्दलाबरोबर वाढीचा पाऊण भाग बँकेस द्यावा लागे. एक लाख पौंडांच्या घरावर पंचवीस हजार घेतले आणि घर चार लाखांचे झाले, असे समजा. वाढ तीन लाख. तिचा पाऊण भाग सव्वादोन लाख. मुद्दल धरून देणे अडीच लाख. उरलेल्या दीड लाखात तसले दुसरे घर येत नाही. म्हणून अनेक वृद्धांस घर सोडताही येईना आणि कर्ज फेडताही येईना. पाव भाग देऊन पाऊण भाग घेणे, हे त्या दुखण्याचे मूळ होते. काकूंच्या यजमानांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी मात्र एक तृतीयांशास एक तृतीयांश असा सरळ हिशेब ठेवला होता. न शिकलेल्या अर्थशास्त्रातही ते बँकांपेक्षा न्यायी ठरले.

तरीही प्रश्न होताच. कुटुंबातील तरुण म्हणत, चार हजारांचे दामदुप्पटीने आठ हजार होतात. तेवढे द्यावे आणि मोकळे व्हावे. यावर काकूंचे उत्तर आम्हांस विसरता येत नाही. त्या म्हणाल्या, "त्यांनी व्याज मागितले नाही, म्हणून आपण व्याजाचा नियम पुढे करायचा?" खरे आहे. चार हजारांत १९६४ साली जेवढे सोने येत असे, तेवढे आज नऊ लाखांतही येणार नाही. धनकोने आपला पैसा घराबरोबर वाढावयास सोडला होता. त्याने धोकाही पत्करला होता. घराची किंमत वाढली नसती तर त्याच्या हाती केवळ मुद्दल आले असते.

मग दोन्ही बाजूंनी मिळून असे ठरविले. किंमत कळण्यासाठी विक्रीची आवश्यकता नाही, मूल्यमापन पुरते. दोन नोंदणीकृत मूल्यमापकांकडून किंमत काढून सरासरी घेतली. ती छत्तीस लाख निघाली. त्यांपैकी वरचा मजला काकूंच्या मुलांनी स्वतःच्या पैशाने चढविला होता. कागद त्याविषयी मौन बाळगून होता, आणि वाद काय तो येथेच झाला. अखेर वारसांनी मान्य केले की स्वतःच्या खर्चाने घातलेली भर ही घराची वाढ नव्हे. वरच्या मजल्याचे नऊ लाख वगळावेत. राहिले सत्तावीस लाख. त्यांतून मूळ बारा हजार वजा जाता वाढ सव्वीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार. तिचा तृतीयांश आठ लाख शहाण्णव हजार. त्यात मुद्दल चार हजार मिळविता नेमके नऊ लाख. तीन लाख घरच्या शिलकेतून दिले, सहा लाखांचे नेहमीचे कर्ज मुलाने आपल्या नावावर बँकेतून काढले, आणि वरच्या मजल्याच्या भाड्यातून त्याचा हप्ता भागू लागला. ज्या भागावर धनकोचा हक्क नव्हता, त्याच भागाने धनकोचे देणे फेडले. रक्कम पोचती झाल्याची पावती, गहाणमुक्तीचा नोंदणीकृत दस्त, आणि मूळ खरेदीखत हे तिन्ही कागद काकूंच्या हाती आले. खरेदीखत त्यांनी देवापुढे ठेवले.

आमच्या वाचकांस

आपल्यापैकी अनेकांच्या ट्रंकेत असे कागद असतील. कुणाचे येथल्या घराचे, कुणाचे गावच्या वाड्याचे. त्यांच्यासाठी या इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी नमूद करतो.

पहिली, कागदाचा प्रकार ओळखावा. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे गहाण नोंदणीकृत दस्ताने करावे लागते. अपवाद खरेदीखत ठेवून केलेल्या गहाणाचा. परंतु ते कागद कलकत्ता, मुंबई, मद्रास किंवा सरकारने जाहीर केलेल्या अन्य शहरात सुपूर्द झालेले असावे लागतात, मिळकत मात्र कोठेही असू शकते. काकूंचे घर बराकपूरचे असूनही कागद कलकत्त्यात दिले गेले होते, त्याचे मर्म हेच.

दुसरी, मुदत पाहावी. गहाण सोडविण्याच्या दाव्यास पूर्वी साठ वर्षांची मुदत होती. १९६३ च्या कायद्याने ती तीस वर्षे केली. भोगगहाणाच्या बाबतीत केवळ गहाणाच्या तारखेपासून मुदत मोजता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे. गावची जमीन सावकाराच्या ताब्यात असलेल्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे आणि जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

तिसरी, हिशेब आरंभापासून मांडावा. १८७९ च्या कायद्याचा हा धडा कधीही जुना होणार नाही. मुद्दल वेगळे, व्याज वेगळे, वाढ वेगळी, आणि स्वतः घातलेली भर वेगळी.

चौथी, फेड झाल्यावर कागद परत घ्यावा आणि नोंद पुसून घ्यावी. महाराष्ट्रात सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यातला बोजा फेरफाराने कमी करून घेतल्याखेरीज गहाण सुटले असे समजू नये. २००७ पासून आपल्या देशात साठ वर्षांवरील गृहस्थांसाठी उलट्या गहाणाची योजना आहे. तिच्यातही वारसांस कर्ज फेडून घर राखण्याची संधी प्रथम मिळते. तिचाही उपयोग विचारपूर्वक करावा.

करड्याचे घर दीडशे रुपयांपायी पाडले गेले, कारण हिशेब सांगणारा कुणी नव्हता आणि ऐकणाराही कुणी नव्हता. बराकपूरचे घर उभे राहिले, कारण दोन मराठी कुटुंबे एका चटईवर हिशेब घेऊन बसली. मंडळ म्हणजे तरी काय? परमुलखात चार माणसांनी बसावयाची ती चटईच. ती पन्नास वर्षे अंथरलेली आहे. आमच्या ट्रंकांतील कागद तिच्यावर निःसंकोच उलगडले जावेत आणि कुणाचेही घर न विकता त्याचे ऋण फिटावे, एवढीच सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी गणरायाच्या चरणी प्रार्थना.